जिवंत मासळीची टाकी : मासेमारी बोटीतील जलप्रवाहाची व्यवस्था व तिची सुधारणा

पकडलेली मासळी बोटीतच जिवंत ठेवण्यासाठी जी पाण्याची टाकी असते तिला इंग्रजीत 'लाइव्हवेल' असे नाव आहे. ह्या नावाला मराठी पर्याय शोधणारा मनुष्य 'विहीर' ह्या शब्दाकडे सहज वळेल आणि तेथेच चुकेल. विहिरीला झरे असतात हे खरे. परंतु विहीर म्हटल्याबरोबर आपल्या मनापुढे उभे राहते ते साठलेले, शेंदून काढावयाचे पाणी. इंग्रजी 'वेल' ह्या शब्दाच्या मुळाशी उसळणे, खळाळून वर येणे हा अर्थ असून संस्कृत 'ऊर्मि' शब्दाशी त्याचे नाते आहे. म्हणजे अर्थाच्या दृष्टीने तो आपल्या 'झऱ्या'ला अधिक जवळचा होय. हा भेद केवळ कोशकारांच्या कामाचा नाही. टाकीला साठवण समजणारा नावाडी ती मोठी करावयास जातो. तिला प्रवाह समजणारा पाणी येण्याजाण्याची वाट मोकळी करतो, आणि मासा जगतो तो ह्या दुसऱ्या नावाड्याच्या बोटीत. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने पंप व नळ्या ह्यांविषयी लिहावे ह्याचे कोणास नवल वाटल्यास त्यास इतकेच सांगता येईल की, वस्तू कशी चालते हे कळल्यावाचून तिच्या अवयवांची परिभाषा ठरविता येत नाही.

मूळची टाकी पंपावाचून चालत असे. रोमजवळ फ्यूमिचीनो येथील विमानतळाच्या बांधकामाच्या वेळी ज्या प्राचीन नौका सापडल्या त्यांत मासेमारीची एक लहान रोमन नौका आहे. तिच्या मध्यभागी एक पेटी असून पेटीच्या तळाला, म्हणजे नौकेच्याच तळाला, भोके पाडलेली आहेत व ती बंद करण्यासाठी लाकडी गुडद्या आहेत. गुडद्या काढल्या की समुद्राचे पाणी पेटीत येई, बाहेरच्या पातळीइतके चढे आणि तेथेच थांबे. पेटीच्या भिंती जलाभेद्य असल्यामुळे उरलेली नौका कोरडी राही. इंग्लंडातील हारविच बंदरात १७१२ च्या सुमारास अशाच तत्त्वावरची गलबते बांधली जाऊ लागली. आपल्याकडे लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावरच्या बोटींतही कुपा माशाच्या शिकारीसाठी लागणारे जिवंत आमिष असेच ठेवीत. भोकांतून आत आलेले पाणी खलाशी सतत उपसून टाकीत, आणि त्या उपसण्यामुळेच ते खेळते राही. (मिनिकॉयची महल भाषा आर्यभाषाकुलातीलच आहे. तिच्या 'मस' ह्या शब्दात आपला 'मासा' ओळखू येतो, आणि 'फेन' म्हणजे 'पाणी' ह्यात मूळच्या 'प'चा 'फ' झालेला दिसतो.) लॅटिनमध्ये मासे अथवा प्राणी जिवंत राखण्याच्या जागेला 'व्हिव्हारियुम' म्हणत; फ्रेंच 'व्हिव्हिए' हा त्याचाच वंशज. त्यातील 'व्हिव्हुस' आणि आपला 'जीव' हे सख्खे भाऊ आहेत. गंमत अशी की, इंग्रजी 'लाइव्ह' मात्र ह्या घराण्यातला नव्हे.

ह्या सोप्या रचनेला धक्का बसला तो बोटी वेगवान झाल्यामुळे. यंत्राच्या जोरावर पाण्याच्या पृष्ठावरून घसरत जाणाऱ्या बोटीच्या तळाला भोके ठेवून चालत नाही. शिवाय टाकीही पाण्याच्या पातळीच्या वर, पिछाडीच्या तक्तपोशीखाली गेली. पाणी आपण होऊन वर चढणार नाही, म्हणून विजेचा पंप आला. अमेरिकेतील गोड्या पाण्याच्या तलावांत 'बास' माशाची गळाने शिकार करणाऱ्यांनी ह्या टाकीला विशेष महत्त्व आणले. रे स्कॉट ह्यांनी जून १९६७ मध्ये आर्कान्सॉ राज्यातील बीव्हर लेक येथे ह्या शिकारीची मोठी स्पर्धा भरविली, आणि १९७२ पासून त्यांच्या संघटनेने पकडलेला मासा न मारता वजन करून पाण्यात परत सोडण्याचा आग्रह धरला. मेलेल्या माशाबद्दल वजनातून कपात होऊ लागली. सकाळी पकडलेला मासा दुपारपर्यंत जगविणे हा शिकाऱ्याच्या कौशल्याचाच भाग ठरला, आणि कारखान्यातून येणारी नळयोजना अपुरी आहे हे त्याच्या ध्यानात येऊ लागले.

ही नळयोजना ढोबळ मानाने अशी असते. बोटीच्या मागील उभ्या भिंतीत, पाण्याच्या पातळीखाली, एक भोक पाडून त्यात आरपार जाणारी तोटी बसवितात. तोटीला जोडून झडप, झडपेपुढे पंप, पंपापासून टाकीच्या वरच्या कडेपर्यंत जाणारी नळी, नळीच्या टोकाला पाणी फवारणारे तोंड. टाकी भरली की जादा पाणी वरच्या बाजूच्या निर्गमातून बाहेर पडते. तळाशी टाकी रिकामी करण्याची वाट वेगळी असते. याशिवाय पुष्कळ बोटींत दुसरा एक पंप टाकीतलेच पाणी उचलून पुन्हा तीत फवारतो.

आता ह्या सर्व खटाटोपाचे कारण पाहू. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअस तपमानाच्या गोड्या पाण्यात हवेतील प्राणवायू लिटरला सुमारे ९.१ मिलिग्रॅम विरघळू शकतो. ३० अंशांना हे प्रमाण ७.६ वर येते. उलट पाणी तापले की माशाच्या शरीरव्यापाराचा वेग वाढतो व त्याला प्राणवायू अधिक लागतो. ज्या दुपारी मागणी जास्त, त्याच दुपारी पुरवठा कमी. भरीला, माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरत असतो. फवाऱ्याने प्राणवायू मिळेल, परंतु अमोनिया जाणार नाही. तो घालविण्याचा साधा उपाय म्हणजे पाणी बदलणे हाच होय. तेव्हा तेच ते पाणी फिरविणारा दुसरा पंप कितीही उपयुक्त असला तरी तो पहिल्याची जागा घेऊ शकत नाही.

सुधारणा करू इच्छिणारा बहुधा प्रथम मोठा पंप विकत आणतो. प्रस्तुत लेखकाच्या मते ह्या क्रमातच दोष आहे. पंपावर छापलेला आकडा, समजा तासाला ८०० अमेरिकन गॅलन म्हणजे सुमारे ३,००० लिटर, हा पंपाला पाणी मुळीच वर चढवावे लागत नसताना मिळणारा आकडा असतो. प्रत्यक्षात पाणी हातभर वर न्यावयाचे असते, वाटेत नळीच्या अंगाचे घर्षण, काटकोनातील वळणे आणि फवाऱ्याची बारीक छिद्रे. खळाळत्या प्रवाहात, प्रवाह तेवढाच ठेवला तर, घर्षणाने होणारी हानी नळीच्या व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. पाऊण इंची नळी काढून सव्वा इंचाच्या किंचित आतली, म्हणजे व्यासाने दीडपट नळी घातली, तर ही हानी सातव्या हिश्शाच्याही खाली जाते. पन्हाळीसारख्या वळ्या असलेली स्वस्त नळी काढून आतून गुळगुळीत असलेली घालणे, आणि काटकोनी जोडाऐवजी नळीलाच सावकाश वळण देणे, ह्यांनीही पुष्कळ साधते. तोच जुना पंप मग वेगळाच भासू लागतो.

मोठ्या पंपाचा दुसरा परिणाम निर्गमाशी दिसतो. आत येणाऱ्या पाण्यामागे पंपाचा जोर असतो. बाहेर जाणाऱ्यामागे केवळ स्वतःचे वजन. निर्गमाच्या वर ५ सेंटिमीटर पाणी चढले असे मानले, तर कोणताही अडथळा न धरतादेखील त्याचा वेग सेकंदाला सुमारे १ मीटर निघतो, आणि १९ मिलिमीटर व्यासाच्या वाटेने तासाला जेमतेम १,००० लिटर पाणी जाऊ शकते. पंपाने ह्याहून जास्त आणले की ते झाकणाखालून उसळून बोटीच्या पोटात उतरते. निर्गमाचा व्यास दुप्पट केल्यास वाट चौपट होते. म्हणून सुधारणा बाहेरच्या टोकाकडून आत करीत यावी : आधी निर्गम, मग नळी, आणि गरज उरलीच तर पंप.

हवेच्या अडथळ्याबद्दल दोन शब्द सांगणे आवश्यक आहे, कारण 'पंप बिघडला' अशी जी तक्रार असते तिचे कारण पुष्कळदा हेच असते. ह्या पंपातील फिरते पाते पाणी ढकलते. हवा ओढण्याचे सामर्थ्य त्याच्यात नाही. त्यामुळे पंप नेहमी बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली असावा लागतो, आणि त्याच्यापासून निघालेली नळी टाकीपर्यंत अखंड चढती असावी लागते. नळीला मध्येच झोळ पडला तर झोळात पाणी राहते, त्यापुढच्या उंचवट्यात हवा कोंडते, आणि पंप नुसताच गुणगुणत राहतो. बोट वेगात असताना पिछाडीच्या तोटीपाशी हवेचे बुडबुडे येतात किंवा ती पाण्याबाहेरच निघते. अशा वेळी पुढे तोंड असलेली, पाणी ओंजळीत धरावे तशी धरणारी तोटी उपयोगी पडते. तीही न साधल्यास वेगात असताना टाकीतील पाणीच फिरवीत राहावे आणि बोट थांबल्यावर ताजे घ्यावे.

येथवर माशाच्या जिवाचा विचार झाला. परंतु पाण्याखालची तोटी हे बोटीच्या अंगात मुद्दाम पाडलेले छिद्र आहे, आणि तिच्यावर माणसांचा जीव अवलंबून असतो. साध्या प्लॅस्टिकची तोटी उन्हाने ठिसूळ होते व एखाद्या दिवशी मानेपाशी तुटते. ती बदलून ब्राँझची घालणे उत्तम. मात्र बोट ॲल्युमिनियमची असेल तर ब्राँझ वर्ज्य समजावे, कारण ते दोन धातू पाण्यात एकमेकांच्या सान्निध्यात आले की ॲल्युमिनियम झिजू लागते. तेथे काचतंतूंनी बळकट केलेली नायलॉनची तोटी घ्यावी. तोटीला लागूनच हाताने बंद करता येणारी झडप हवी, आणि ती सामानाच्या ढिगाखाली न दडता हाताशी हवी. पाण्याच्या पातळीखालच्या प्रत्येक जोडावर, जोडाची लांबी पुरत असेल तेथे, न गंजणाऱ्या पोलादाचे दोन पट्टे आवळावेत. जुन्या फायबरग्लास बोटींच्या मागील भिंतीत प्लायवूडचा गाभा असतो. नवे भोक पाडल्यावर त्याची उघडी कड इपॉक्सीने बंद केली नाही, तर पाणी गाभ्यात शिरून तो आतल्या आत कुजतो, आणि इंजिनाचा भार ह्याच भिंतीवर असतो. भोकाच्या मापाची निमुळती लाकडी गुडदी तोटीशेजारी दोरीने बांधून ठेवण्याची पद्धत आहे. रोमन नावाड्याची गुडदी ती हीच.

विजेच्या बाजूविषयी थोडक्यात : पंप मोठा घेतला तर तारही जाड घ्यावी, कारण १२ व्होल्टच्या योजनेत लांब व बारीक तारेत पुष्कळ दाब वाया जातो, आणि फ्यूज पंपाच्या सूचनेत सांगितलेल्या मापाचाच असावा.

शेवटी राहिला टाकी रिकामी करण्याचा प्रश्न. अमेरिकेतील तलावांत झेब्रा मसल नावाचा परका शिंपला पसरला असून त्याची डोळ्यांना न दिसणारी पिले पाण्याबरोबर एका तलावातून दुसऱ्यात जातात. मिनेसोटा, विस्कॉन्सिन यांसारख्या राज्यांत तलाव सोडताना टाकीतील सर्व पाणी काढून टाकणे कायद्याने बंधनकारक आहे. म्हणून नवी नळी बसविताना तिचा उतार तपासून पाहावा : बोट गाडीवर चढवून नाळेची बाजू किंचित उचलली आणि सर्व झडपा उघडल्या, की टाकी, नळी आणि पंपाची पेटी ह्यांपैकी कोठेही वाटीभरदेखील पाणी उरता कामा नये.