‘सेलिब्रेशन’च्या आधीची गँग

रिसेप्शन असो, ऑफिसचा ॲन्युअल डे असो की थर्टी फर्स्ट, डीजेकडे एक गाणं हमखास असतं. ‘सेलिब्रेशन’. १९८० सालचं, कूल अँड द गँगचं. आजचा भाग याच बँडवर आहे, पण त्या गाण्यावर नाही. कारण बरीच वर्षं मी या लोकांना ‘पार्टीवाले’ म्हणून बाजूला ठेवलं होतं. मग कधीतरी त्यांचा १९७१चा ‘लाइव्ह ॲट द सेक्स मशीन’ ऐकला आणि आपण किती चुकलो होतो ते कळलं.

नावावर जाऊ नका. सेक्स मशीन हे फिलाडेल्फियातल्या एका क्लबचं नाव. बँडचा हा दुसराच अल्बम. आता विचार करा, एकच अल्बम झालेला बँड लगेच लाइव्ह रेकॉर्ड काढतो! पण यांची खरी ताकद स्टेजवरच होती, कारण तोवर ते काही वर्षं एकत्र वाजवत होते. १९६४ साली न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत ही शाळकरी पोरं जमली, तेव्हा नाव होतं जॅझिॲक्स. म्हणजे मूळचे जॅझवाले. बेसवर रॉबर्ट ‘कूल’ बेल, टेनर सॅक्सोफोनवर त्याचा भाऊ रोनाल्ड, आणि रोनाल्डचं दैवत कोण, तर जॉन कोल्ट्रेन.

हे जॅझचं मूळ त्या रेकॉर्डवर कसं दिसतं? मुख्य गायकच नाही. शब्द येतात ते सगळ्यांनी मिळून ओरडल्यासारखे, आणि बाकी सगळं बोलायचं काम ट्रम्पेट-सॅक्सोफोनचं. ‘वॉक ऑन बाय’ आणि ‘विचिटा लाइनमन’ ही खरं तर पॉपची गाणी, रेडिओवर आधीच गाजलेली. स्ली स्टोनचं ‘आय वाँट टू टेक यू हायर’ पण आहे. लोकांना ओळखीचं काहीतरी द्यायचं आणि त्याच्या आडून आपल्याला हवं ते वाजवायचं, असा तो हिशेब असावा.

आणि फंक म्हणजे काय, ते इथे नीट कळतं. आपल्याकडे तबलजी कितीही फिरून आला तरी समेवर सगळे भेटतात ना, तसं फंकमध्ये प्रत्येक चार मात्रांतल्या पहिल्या मात्रेवर भेटायचं असतं. त्याला ते नुसतं ‘द वन’ म्हणतात. फरक इतकाच की आपली सम लांबून येते, यांची लगेच येते. मधल्या जागेत गिटार आणि बेस एकमेकांच्या फटीत बसतात. कोणीच जास्त वाजवत नाही. हे वाचून कळणार नाही, ‘हूज गॉना टेक द वेट’ लावा. सुरुवातीला चक्क भाषण आहे, जगाची अवस्था वाईट आहे आणि ती आपणच केली आहे, अशा अर्थाचं. मग ब्रास घुसतो. वीसेक वर्षांनी गँग स्टारने आपल्या एका रॅप गाण्याला हेच नाव दिलं.

त्याच वर्षी लॉस एंजेलिसमधल्या क्लबात केलेला ‘लाइव्ह ॲट पीजेज’ही आला. त्यातलं ‘एन. टी.’ पुढे नासने सॅम्पल केलं. मला विचाराल तर तो जास्त सफाईदार आहे, पण पहिल्यातला अवखळपणा त्यात नाही.

१९७९मध्ये जे. टी. टेलर हा गायक आला आणि बँड जगभर पोहोचला. ‘विकले गेले’ असं म्हणणारे आहेत, मी म्हणत नाही. पोट सगळ्यांनाच आहे. पण गायक पुढे आला की वाजवणारे मागे जातात, आणि हे वाजवणारे मागे जाण्याजोगे नव्हते हो.

२०२४मध्ये त्यांना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. गिटारवाला क्लेड्स स्मिथ २००६मध्येच गेला होता, ट्रम्पेटवाला मिकन्स २०१०मध्ये, रोनाल्ड बेल २०२०मध्ये, डेनिस थॉमस २०२१मध्ये, ड्रमर जॉर्ज ब्राउन २०२३मध्ये. सुरुवातीच्या त्या पोरांपैकी उरला होता फक्त ‘कूल’.

हेडफोन लावून ऐका, आणि पहिल्यांदा फक्त बेसच्या मागे जा. कसं वाटलं ते कळवा.