टॉवर पडल्यावर माहिती कोण सांभाळणार?

सप्टेंबर २०१७मध्ये मारिया चक्रीवादळ पोर्टो रिकोवर आदळले आणि बेटावरचे सुमारे ९५ टक्के मोबाइल टॉवर बंद पडले. फोन लोकांच्या हातात होते, पण त्यांना जोडणारे कुणी उरले नव्हते. जवळपासचे फोन थेट एकमेकांशी बोलू लागले, तर टॉवरशिवायही जाळे उभे राहते. यालाच मोबाइल अ‍ॅड-हॉक नेटवर्क म्हणतात. अशा जाळ्यातून संदेश पुढे ढकलण्याचे प्रयोग अमेरिकेत १९७०च्या दशकापासून झाले आहेत. माहिती टिकवणे मात्र त्याहून अवघड, कारण इथे कायम जागेवर असणारा सर्व्हरच नसतो. बेपत्ता माणसांची यादी ज्या फोनवर आहे, तो दूर गेला की यादीही गेली.

यावर पहिला उपाय सुचतो तो जादा प्रती ठेवण्याचा. समजा, कोणताही फोन हवा तेव्हा सापडण्याची शक्यता निम्मी आहे. चार फोनांवर चार प्रती ठेवल्या, तरी एकही न सापडण्याची शक्यता १६त १ उरते. रीड आणि सॉलोमन या गणितज्ञांनी १९६०मध्ये मांडलेली पद्धत इथे कामी येते. दोन बिंदूंवरून रेषा ठरते. मग तिच्यावरचे कोणतेही दोन बिंदू मिळाले तरी चालतात. याच तत्त्वाने फाइलच्या आठ तुकड्यांपासून ३२ सांकेतिक तुकडे तयार करून ३२ फोनांवर ठेवायचे. त्यांतले कोणतेही आठ मिळाले की पूर्ण फाइल परत उभी राहते. एकूण जागा चार प्रतींइतकीच लागते, पण फाइल न मिळण्याची शक्यता सुमारे हजारात १ इतकी खाली येते. म्हणूनच अशा जाळ्यात प्रतींपेक्षा संकेतनावर भर द्यावा, असे माझे म्हणणे आहे.

याला आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. फोन सापडण्याची शक्यता पाचात १ इतकी घसरली, तर ३२ पैकी सरासरी सहा-सातच तुकडे हाती येतात. तिथे साध्या प्रतीच सरस ठरतात. शिवाय वरचे गणित प्रत्येक फोन स्वतंत्रपणे बंद पडतो असे धरून चालते. प्रत्यक्षात एका निवारा छावणीतले फोन एकदमच चार्जिंगविना पडू शकतात, म्हणून तुकडे वेगवेगळ्या वस्त्यांत विखरायला हवेत. तिसरी अडचण दुरुस्तीची. हरवलेला एक तुकडा पुन्हा बनवायला नेहमीच्या पद्धतीत आठ तुकडे मागवावे लागतात, म्हणजे पूर्ण फाइलइतकी वाहतूक, आणि रेडिओ चालवताना बॅटरी संपते. दिमाकिस आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये मांडलेल्या पुनर्जननक्षम संकेतांनी ही वाहतूक बरीच कमी होते, हे सिद्ध झाले आहे. आपत्तीसाठी अ‍ॅप बनवणाऱ्यांनी आधी फोन किती वेळ सापडतात ते मोजावे. चार ओळींचा निरोप प्रतींवर सोपवावा. नकाशे, छायाचित्रे आणि मोठ्या याद्यांसाठी संकेतनच वापरावे.