मराठी लिहिणाऱ्याचा संगणक

घरासाठी संगणक घ्यायचा तर विंडोज, मॅक की लिनक्स, या प्रश्नाचं उत्तर बहुधा किंमत, खेळ, व्हायरस आणि टिकाऊपणाच्या हिशेबाने दिलं जातं. हे हिशेब रास्तच आहेत. पण ज्याचं रोजचं काम मराठीत चालतं, त्याने आधी पाहायला हवं ते हे, की मराठी अक्षराशी ही प्रणाली कशी वागते. गेल्या साडेतीन दशकांकडे या बाजूने पाहिलं की तिन्हींची क्रमवारी नेहमीपेक्षा वेगळी लागते.

डॉसच्या काळात प्रणालीकडून तशी अपेक्षाच नव्हती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं काम पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलं आणि जिस्ट कार्ड आलं. संगणकात ते बसवलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. याच कामाशी जोडलेली इस्की ही संकेतपद्धती १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. तिच्यातला मोलाचा विचार असा, की क्रमांक द्यायचा तो अक्षराला, त्याच्या आकाराला नाही. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्याच पायावर केली.

विंडोज ९५ आलं आणि या बाबतीत आपण काही वर्षं मागे गेलो. त्या प्रणालीला देवनागरी मुळात ठाऊक नव्हती. म्हणून इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले फॉन्ट निघाले. श्रीलिपी, आकृती, आयएसएम ही नावं डीटीपी करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी होती. पेजमेकरमध्ये त्यांच्यावर दिवाळी अंक निघाले, साप्ताहिकं निघाली, लग्नपत्रिका छापल्या गेल्या. मराठी छपाई संगणकावर आली ती या सॉफ्टवेअरमुळे, आणि ते ऋण मोठं आहे. मात्र संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडली आणि तिथे तोच फॉन्ट नसला, की पानभर रोमन अक्षरांचा कचरा दिसे. शब्द शोधता येत नसे, यादी अकारविल्हे लावता येत नसे, आणि प्रत्येक कंपनीची जुळणी वेगळी.

खरा बदल विंडोज २००० ने केला. देवनागरीला क्रमांक मिळाले तरी जोडाक्षर घडवण्याचं काम उरतंच. ‘कि’ लिहिताना वेलांटी क नंतर टाइप होते, पण दिसायला हवी आधी. ‘क्ष’ हा क, हलन्त आणि ष मिळून होतो. ही घडण प्रणालीच्या पोटात व्हावी लागते, आणि विंडोजमध्ये ती तेव्हा आली. सोबत मंगल हा फॉन्ट आला. तो घडवला होता कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. जगभर पोचलेल्या प्रणालीत एका मराठी माणसाच्या हातची देवनागरी बसली, याची दखल आपण फारच कमी घेतली.

मग २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं आणि घराघरांत पोचलं. एमएस-सीआयटीच्या वर्गांतून लाखो लोक संगणक शिकले ते विंडोजवरच. पण एक्सपीत भारतीय लिप्यांची सोय आधीपासून चालू नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करायची, मग मूळ सीडी घालायची. ती सीडी बहुतेकांकडे नसेच. ‘संगणकावर मराठी येत नाही’ हा समज पक्का होण्यात त्या एका चौकटीचा वाटा मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे.

याच वर्षांत लिनक्सच्या बाजूला वेगळंच काही घडत होतं. ग्नोम आणि केडीई या डेस्कटॉपचे मेनू स्वयंसेवकांनी मराठीत आणले. रेड हॅटने लोहित फॉन्ट खुले केले, आणि त्यांची निगा पुण्यातल्या अभियंत्यांनी राखली. मराठी ल आणि श यांचं वळण हिंदीहून वेगळं असतं. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला र वेगळा दिसावा लागतो. (इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह जे दाबून ऱ घ्यायचा, डी दाबून त्याचा पाय मोडायचा, मग य. हे अजूनही अनेकांना कोणी सांगितलेलं नाही.) अशी खोट दिसली तर लिनक्समध्ये ती नोंदवता येई, आणि जाणकाराला स्वतः दुरुस्तही करता येई. खुल्या सॉफ्टवेअरच्या याच वर्तुळात घडलेलं हार्फबझ हे अक्षरघडणीचं इंजिन आज अँड्रॉइड फोनमध्ये, क्रोममध्ये आणि फायरफॉक्समध्ये आहे. डेस्कटॉपवर लिनक्स मागे राहिलं असं म्हणतात, पण आज फोनवर वाचलं जाणारं बहुतांश मराठी त्या घडणीतूनच डोळ्यांसमोर येतं.

मॅकबद्दल थोडक्यात. अक्षराच्या देखणेपणात तो कायम पुढे होता आणि देवनागरीही त्याच्यात या शतकाच्या सुरुवातीलाच आली. पण मॅकवरच्या वर्डमध्ये मराठी जोडाक्षरं नीट यायला २०१६ ची आवृत्ती उजाडावी लागली. तोवर महागडं यंत्र घेऊनही मराठी लेखकाला वर्ड सोडून दुसरीकडे लिहावं लागे.

आज तिन्हींवर मराठी विनासायास लिहिता येतं. विंडोज १० मध्ये २०१९ पासून उच्चारानुसार टाइप करायचा कळफलकही आहे. त्यामुळे माझा कौल आता वापरावर ठरतो. नुसतं लेखन, पत्रव्यवहार, वाचन एवढंच असेल तर लिनक्स पुरेसं आहे, आणि जुन्या यंत्रासाठी तर तेच बरं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि टीपीएम २.० व नव्या प्रोसेसरच्या अटीमुळे साधारण २०१७ आधीचे बहुसंख्य संगणक विंडोज ११ साठी अपात्र ठरतात. ती यंत्रं भंगारात काढण्याचं कारण नाही. ज्याचा व्यवसायच जुन्या श्रीलिपी-पेजमेकरवर उभा आहे, त्याला मात्र अजून विंडोज सोडवत नाही, आणि त्याची अडचण खरी आहे. त्याने यंत्र बदलण्याआधी, जुनं चालू आहे तोवरच, त्यातला मजकूर युनिकोडमध्ये काढून घ्यावा आणि ऱ्य, ल्ह, द्ध अशी जोडाक्षरं नजरेखालून घालावीत. रूपांतरात सगळ्यात आधी तीच बिघडतात.