उघडलेला खोका आणि गिऱ्हाइकाचा हक्क

“खोका उघडलात, आतां माल तुमचा.” घरबसल्या मोबाइलवरून खरेदी करण्याचा प्रघात पडल्यापासून हें वाक्य घरोघरीं ऐकूं येऊं लागलें आहे. आमच्याच आप्तांपैकीं दोन घरीं तें आम्हांस ऐकावें लागलें. एक शिरूरचें, दुसरें दौंडचें. दोहोंचा निवाडा मात्र एक नव्हे.

शिरूरास, घोडनदीच्या कांठीं, आमच्या मामांचें मोठें एकत्र कुटुंब आहे. आजोबांस रक्तदाबाचा विकार. डॉक्टरांनीं रोज दोन वेळां दाब मोजून लिहून ठेवावयास सांगितलें, म्हणून नातवानें ऑनलाइन यंत्र मागविलें. तें आलें, खोका उघडून पट्टा दंडास बांधला, तों आंकडा १७८ आला, पांच मिनिटांनीं ११०! त्याच दुपारीं डॉक्टरांच्या यंत्रावर १३४ भरला. ज्या आंकड्यांवर औषधाची मात्रा ठरावयाची, ते आंकडेच असे बेभरंवशाचे! यंत्र परत घ्या म्हणून कळवितांच विक्रेत्याचें उत्तर आलें, “सील तुटलेलें आहे, आरोग्याची वस्तु उघडल्यावर परत घेतां येत नाहीं.” मामी म्हणाल्या, “जाऊं द्या, दोन हजारांसाठीं डोक्याला ताप कशाला?” मामा मात्र म्हणाले, “न उघडतां यंत्र बिघडलेलें आहे हें कळावें तरी कसें?”

मामांच्या या साध्या प्रश्नाचें उत्तर कायद्यानें फार पूर्वींच देऊन ठेविलें आहे. सन १९३० चा मालविक्रीचा कायदा सांगतो कीं, न पाहतां घेतलेला माल तपासून पाहण्याची वाजवी संधि मिळेपर्यंत गिऱ्हाइकानें तो स्वीकारला असें मानावयाचें नाहीं. अर्थात् तपासण्यासाठीं खोका उघडणें म्हणजे पसंतीची सही नव्हे. मात्र वाजवी मुदत उलटेपर्यंत गप्प बसलें, तर स्वीकार झालाच असें धरलें जातें. म्हणून दोष दिसतांच कळविलें पाहिजे.

पुढें ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आला आणि त्याखालीं जुलै २०२० मध्यें ऑनलाइन व्यापाराचे नियम झाले. माल सदोष किंवा बनावट असेल, अथवा जाहिरातींत सांगितलेले गुण त्यांत नसतील, तर तो परत घेण्यास वा पैसे देण्यास विक्रेत्यास नकार देतां येत नाहीं. पावतीवर मुदत लिहिलेली नसेल, तर ३० दिवसांत सदोष माल परत न घेणें ही अनुचित व्यापारी प्रथाच ठरते.

आतां दौंडची गोष्ट ऐका. तेथें दिलेल्या आमच्या धाकट्या बहिणीनें नणंदेच्या मंगळागौरीसाठीं साडी मागविली. चित्रांत दिसली तशीच ती आली. परंतु घडी मोडून अंगावर घेतल्यावर नणंदेच्या मनास येईना. “ताई, कायदा आपल्या बाजूचा आहे ना?” असें तिनें आमच्या घरीं विचारलें. तर नाहीं! केवळ मन बदललें म्हणून निर्दोष वस्तु परत करण्याचा सरसकट हक्क आपल्या कायद्यांत नाहीं. युरोपांत ऑनलाइन खरेदीस साधारणतः १४ दिवसांची फेरविचाराची मुदत असते. तरी आरोग्याच्या कारणास्तव मोहोरबंद केलेली वस्तु एकदां उघडली, कीं तेथेंही ही सवलत सरते. आपल्याकडे अशा वेळीं विक्रेत्यानें आपण होऊन दिलेलें परतीचें वचन काय तें उपयोगीं पडतें. त्या अटी आधीं सांगणें नियमानें बंधनकारक आहे. त्या वाचणें हें आपलें काम.

म्हणून गृहिणींनीं चार गोष्टी संभाळाव्या. खोका उघडतांना मोबाइलवर चित्रण करावें. वेष्टण व पावती टाकूं नये. दोष दिसतांच लेखी कळवावें. आणि तोंडी आश्वासनावर विसंबूं नये. तक्रार-अधिकाऱ्यानें ४८ तासांत पोंच द्यावी व महिन्याच्या आंत निवारण करावें, असा नियम आहे. तेवढ्यानें न भागल्यास १९१५ या राष्ट्रीय क्रमांकावर सांगावें. शेवटीं जिल्हा ग्राहक आयोग आहेच. विक्रेता दिल्लीस असो वा बंगळुरास, गिऱ्हाईक राहतो त्या जिल्ह्यांत तक्रार करतां येते. शिरूर-दौंडकरांस दूर देशीं जावयास नको, पुणें पुरे. पांच लाखांपर्यंतच्या किंमतीस शुल्क नाहीं, वकील लावलाच पाहिजे असेंही नाहीं. मात्र दोन वर्षांची मुदत चुकवूं नये.

हे हक्क आयते मिळालेले नाहींत. १९७४ सालीं पुण्यांतच बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. पुढें २४ डिसेंबर १९८६ रोजीं पहिल्या ग्राहक संरक्षण कायद्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली.

असो. मामांनीं तिन्ही आंकड्यांसह तक्रार-अधिकाऱ्यास पत्र धाडलें आणि तिसऱ्या आठवड्यांत पैसे परत आले. दौंडची साडी मात्र घरांतच राहिली. ती आतां आमची बहीणच नेसते, आणि पुढील खरेदीच्या आधीं परतीच्या अटी साऱ्या घरास मोठ्यानें वाचून दाखविते!