पायात नवी वहाण, ओठांवर नवे गाणे

पावसाळा सरत आला, की आपल्या वस्त्यांतून दोन गोष्टींची लगबग सुरू होते. चार महिने चिखल तुडवून झिजलेल्या रबरी चपला दाराबाहेर जातात आणि आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता करताना म्हणायला नवे गाणे बसवले जाते. काही मंडळी याला चैन म्हणतात. आम्ही म्हणतो, हा आपल्या हक्काचा आनंद आहे आणि तो कोणी फुकट दिलेला नाही.

जुन्या माणसांना हे सांगावे लागत नाही. वरच्या आळीतून जाताना पायातली वहाण काढून हातात घेण्याची सक्ती अनेक गावांत होती. मेलेले ढोर ओढायचे आपण, कातडे कमवायचे आणि वहाणा शिवायच्या आपल्याच दलित बांधवांनी, आणि अनवाणी चालायचेही आपणच! वाद्यांचेही तेच. गावच्या लग्नात, जत्रेत डफडे वाजवायचे. पण मांडवात मान नाही. बाबासाहेबांच्या चळवळीत समाजाने ही वेठ झुगारली. मग आंबेडकरी जलसे गावोगाव फिरू लागले. वामनदादा कर्डकांनी मोठेपणी अक्षरे गिरवली आणि १९४३ पासून आयुष्यभर गाणी रचली. २००४ साली दादा गेले, गाणी घराघरांत राहिली.

वहाण आणि संगीत यांची गाठ धम्मातही पडलेली आहे. विनयपिटकातील महावग्गात सोण कोळिविस याची हकिकत येते. चंपानगरीतील श्रीमंत घरचा हा मुलगा इतका सुकुमार, की त्याच्या तळपायांवर लव होती. भिक्खू झाल्यावर राजगृहाजवळ सीतवनात त्याने येरझारा घालीत इतकी कठोर साधना केली, की पाय फुटून वाटेवर रक्त सांडले. तरी मनाला शांती नाही. घरी परतावे, असे त्याच्या मनात येऊ लागले. सोण पूर्वी वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला त्या वीणेचीच आठवण दिली. तार फार ताणली तर सूर बिघडतो, सैल सोडली तरी बिघडतो, साधनेचेही तसेच. सोण सावरला. पुढे तथागतांनी त्याला एका तळव्याची वहाण वापरण्याची परवानगी दिली. सोण म्हणाला, सर्व संघाला मिळणार असेल तरच मी घेईन. तेव्हा ती सर्वच भिक्खूंना मिळाली.

या हकिकतीतून संसारी माणसाने दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, सर्वांना मिळेल तरच मी घेईन. आपल्या घरांत काय दिसते? मुलाला बूट येतात, साहेबांच्या नोकरीसाठी सँडल येते. आई मात्र तुटलेल्या स्लिपरच्या पट्ट्याला सेफ्टी पिन लावून पाणी भरते, धुणीभांडी करायला जाते. घरात सर्वांत जास्त पायपीट तिचीच. म्हणून यंदा खरेदीच्या यादीत पहिले नाव आईचे असावे.

दुसरी, तार न ताणता लावावी. उधारी करून महागडे बूट घेऊ नयेत आणि अगदी हलका माल घेऊन महिन्याभरात पुन्हा पैसेही घालवू नयेत. आधी जुने पाहावे. कोल्हापुरीला पावसाचे पाणी सोसत नाही. ठेवणीतली बाहेर काढून सावलीत वारा द्यावा, तेलाचा हात फिरवावा. टाके उसवले असतील तर नाक्यावरच्या चर्मकार बांधवाकडून घालून घ्यावेत. त्याचाही संसार चालतो. नवी वहाण संध्याकाळी घ्यावी, कारण दिवसभर उभे राहून पाय थोडे फुगलेले असतात. दोन्ही पायांत घालून दुकानात चार पावले चालून पाहावे. आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जाणाऱ्यांनी कोरी वहाण घालून गाडीत बसू नये! आठवडाभर आधी घरात रोज तासभर वापरावी. नाहीतर ती नागपुरात चावते आणि सारे लक्ष फोडांकडे लागते.

गाण्याचेही असेच. पूर्वी दीक्षाभूमीवरून, चैत्यभूमीवरून पुस्तकांबरोबर कॅसेट घरी येत आणि सारी चाळ ती ऐके. आता गाणे प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये, प्रत्येकाच्या कानात वेगळे. नवे गायक, नव्या चाली, रॅपसुद्धा जरूर ऐकावे; तरुणांची भाषा तीच आहे. पण आठवड्यातून एक संध्याकाळ मोबाइल मध्यभागी ठेवून सर्वांनी मिळून एक नवे गाणे ऐकावे, अर्थ बोलावा, मुलांकडून म्हणवून घ्यावे. भिंती हादरवणाऱ्या डीजेत शब्द बुडतात. आणि आपल्या गाण्यात शब्दच तर महत्त्वाचा!

वर्षावास संपला, की भिक्खू पुन्हा चारिकेला निघतात. आपणही निघू या. घरातल्या प्रत्येकाच्या पायात धड वहाण असावी आणि प्रत्येकाला एक तरी गाणे पाठ असावे.

जय भीम!