बक्षिसाच्या पुढचं गाणं

'कट्यार काळजात घुसली' या नाटकाच्या मुळाशी एक स्पर्धा आहे. जिंकणाऱ्याला राजगायकाचं पद, राहायला हवेली आणि मानाची कट्यार. या कट्यारीच्या धन्याला एक खून माफ. खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले जिंकतात, पंडित भानुशंकर हरतात आणि पडदा खऱ्या अर्थानं तिथून वर जातो, कारण नाटक आहे ते बक्षीस मिळाल्यानंतर माणसांचं आणि गाण्याचं काय होतं याचं. पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेल्या आणि जितेंद्र अभिषेकींनी संगीत दिलेल्या या नाटकाचा पहिला प्रयोग 24 डिसेंबर 1967 रोजी झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये बालगंधर्व गेले होते. संगीत नाटकाचे दिवस संपले असं म्हणणारे पुष्कळ होते. वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब उभे राहिले आणि ते बोलणं काही काळ तरी थांबलं.

या खाँसाहेबांची मुलगी झरीना रंगवली ती फैय्याज यांनी. त्या आमच्या सोलापूरच्या. 2015 साली बेळगावला भरलेल्या 95व्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हा सोलापुरातल्या नाटकवेड्या माणसांना घरचंच कार्य असल्यासारखं वाटलं असेल. झरीनेचं काम म्हणजे नुसतं सुरेल गाणं नव्हे. पडद्याआड वाढलेली मुलगी, बापाच्या गाण्यावरची तिची श्रद्धा, बाप चुकतो आहे हे तिला कळणं, हे सगळं चेहऱ्यावर, बोलण्यात आणि सुरात एकाच वेळी यायला हवं. पद सुरू होण्याआधीचं शेवटचं वाक्य ज्या भावनेत संपतं, त्याच भावनेत पहिला सूर लागला पाहिजे. संगीत नाटकाची सगळी अवघड विद्या त्या वाक्याच्या आणि त्या सुराच्या मधल्या क्षणात आहे. युरोपातल्या ऑपेरा गायकांचीही तीच. म्हणून तरुण ऑपेरा गायकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांबद्दल लिहायचं, तर सुरुवात सोलापुरापासून करणं मला योग्य वाटतं.

या स्पर्धांमध्ये नाव मोठं आहे ते वेल्समधल्या कार्डिफचं. तिथं सेंट डेव्हिड्स हॉल हे नवं सभागृह 1982 मध्ये सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी बीबीसीनं 'सिंगर ऑफ द वर्ल्ड' ही स्पर्धा सुरू केली. दोन वर्षांतून एकदा होणारी. वेगवेगळ्या देशांतून निवडलेले तरुण गायक पूर्ण वाद्यवृंदासमोर उभे राहतात आणि आपण निवडलेल्या रचना गातात. पहिलं बक्षीस फिनलंडच्या कारिता मात्तिला हिला मिळालं. पण ही स्पर्धा लोकांच्या तोंडी झाली ती 1989 साली. अंतिम फेरीत दोन बॅरिटोन होते, म्हणजे पुरुषांच्या मध्यम खर्जातल्या आवाजाचे गायक. एक सायबेरियातल्या क्रास्नोयार्स्कचा दिमित्री ह्वोरोस्तोव्स्की, वय 26. दुसरा उत्तर वेल्समधल्या शेतकऱ्याचा मुलगा ब्रिन टेरफेल, वय 23, म्हणजे यजमानांच्या घरचा. मुख्य बक्षीस सायबेरियाकडे गेलं. पियानोच्या साथीनं गायच्या गीतांसाठी त्या वर्षापासून वेगळं बक्षीस ठेवलं होतं, ते टेरफेलला मिळालं. त्या निकालावर अजून वाद होतात. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: दुसऱ्या नंबरावर राहिलेल्या टेरफेलचं काहीही बिघडलं नाही. पुढच्या काही वर्षांत दोघंही जगातल्या सगळ्या मोठ्या ऑपेरागृहांत प्रमुख भूमिका करत होते.

असं का होतं, ते 'ऑपेरालिया' या दुसऱ्या स्पर्धेकडे पाहिलं की कळतं. प्लासिदो डोमिंगो या गायकानं ती 1993 साली पॅरिसमध्ये सुरू केली. ती दर वर्षी वेगळ्या शहरात भरते, वयाची अट 18 ते 32. परीक्षकांच्या खुर्च्यांवर बसतात ऑपेरागृहांचे संचालक आणि कोणत्या भूमिकेला कोण घ्यायचं हे ठरवणारे अधिकारी. म्हणजे समोर गाणाऱ्याला गुण देत असतानाच त्यांच्या मनात पुढच्या दोन-तीन वर्षांतली नाटकं असतात. हा आवाज मोझार्टच्या कोणत्या भूमिकेला चालेल, व्हेर्दीला अजून किती वर्षं थांबायला हवं, याचा हिशेब तिथंच होत असतो. बक्षिसाची रक्कम खर्चून जाते. कामाचं बोलावणं राहतं.

प्रिटी येंडे ही दक्षिण आफ्रिकेतल्या पीट रेटीफ या लहान गावाजवळच्या वस्तीत वाढलेली मुलगी. सोळाव्या वर्षी तिनं टीव्हीवर एका विमान कंपनीची जाहिरात पाहिली. तिच्यामागे दोन बायकांचं एक गाणं वाजत होतं. हे काय आहे, असं तिनं शाळेतल्या शिक्षकांना विचारलं. ते म्हणाले, याला ऑपेरा म्हणतात. ते गाणं होतं देलिबच्या 'लाक्मे' या 1883 सालच्या फ्रेंच ऑपेरातलं. त्याची कथा घडते आपल्या हिंदुस्थानात, नायिका एका ब्राह्मण पुजाऱ्याची मुलगी आणि ते गाणं गातात ती आणि तिची दासी. येंडेनं 2009 मध्ये व्हिएन्नातली बेल्वेडेर स्पर्धा जिंकली, 2011 मध्ये ऑपेरालियाचं पहिलं बक्षीस मिळवलं आणि जानेवारी 2013 मध्ये ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या रंगमंचावर उभी होती. जाहिरातीपासून मेट्रोपॉलिटनपर्यंतच्या या वाटेत तिची मेहनत तर आहेच. पण वाट मुळात बांधलेली होती, हेही तितकंच खरं.

आता ऑपेरा गायकाच्या आवाजाबद्दल थोडं सविस्तर, कारण ही विद्या आपल्याकडे फारशी कोणी समजावून सांगत नाही. मेट्रोपॉलिटनमध्ये 3,800 च्या आसपास प्रेक्षक बसतात. समोरच्या खड्ड्यात साठ-सत्तर वादक असतात. गायकाजवळ माईक नसतो. तरी शेवटच्या रांगेत शब्द पोचतो. निव्वळ जोर लावून हे होत नाही. तसं केलं तर दोन वर्षांत गळा बसेल. स्टॉकहोमच्या योहान सुंडबेरी या संशोधकानं 1970 च्या दशकात याचं उत्तर मोजून दाखवलं. वाद्यवृंदाच्या आवाजाची ताकद 500 हर्ट्झच्या आसपास सगळ्यात जास्त असते आणि वर जाताना ती झपाट्यानं उतरते. तयार ऑपेरा गायक, विशेषतः पुरुष, गाताना स्वरयंत्र थोडं खाली ठेवतो आणि त्यावरची घशाची पोकळी रुंद करतो. त्यामुळे त्याच्या आवाजात 3,000 हर्ट्झच्या आसपास एक वेगळीच चमक गोळा होते. तिथं वाद्यवृंद दुबळा असतो आणि माणसाचा कान सगळ्यात तीक्ष्ण असतो. म्हणजे गायक वाद्यांशी झुंजत नाही, त्यांनी मोकळी ठेवलेली जागा शोधून तिथून जातो. बायकांच्या उंच स्वरांत गणित बदलतं; तिथं स्वराच्या उंचीप्रमाणे तोंड जास्त उघडून पोकळी जुळवून घ्यावी लागते आणि त्यात स्वरवर्ण एकमेकांसारखे ऐकू येऊ लागतात. यात जम बसायला आठ-दहा वर्षं जातात. या स्पर्धांची वयोमर्यादा तिशीपलीकडे नेण्याचं कारण हेच.

आपलं गाणं तानपुऱ्याच्या आधारानं वाढलं. साठ वाद्यांतून वाट काढायची गरज त्याला कधी पडली नाही, म्हणून त्याची बुद्धी बारकाव्याकडे, श्रुतीकडे, विस्ताराकडे गेली. पण संगीत नाटकाच्या नटाला दोन्ही जमवावं लागलं. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चा प्रयोग झाला, तेव्हापासून पुढची पन्नास वर्षं हे नट ध्वनिवर्धकाशिवाय गायले. समोर ऑर्गन, तबला, सारंगी. गंधर्व नाटक मंडळीत तर तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष असत. मागं पिटातला प्रेक्षक, त्यालाही प्रत्येक शब्द हवा. केशवराव भोसल्यांनी हे चढ्या, तडफदार आवाजानं साधलं. बालगंधर्वांनी त्याच्या उलट, आवाज न ताणता, शब्दाला इतका गोडवा आणि इतकी नेमकी जागा दिली, की लोकच श्वास रोखून बसत. दीनानाथ मंगेशकरांची तान आणखी तिसऱ्याच जातीची. तिघांचे तीन मार्ग होते आणि तिन्ही प्रेक्षागृहात, प्रयोगागणिक घडले.

8 जुलै 1921 ची मुंबईतली रात्र मराठी माणूस अजून विसरलेला नाही. टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. ती स्पर्धा नव्हती, पण समोर बसलेला प्रत्येक जण मनात गुण देतच होता. केशवरावांच्या आणि बालगंधर्वांच्या, दोन्ही नाटक कंपन्यांचे भक्त आपापल्या दैवतासाठी आले होते. त्यानंतर तीन महिन्यांत, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, केशवराव गेले. कार्डिफच्या त्या दोन बॅरिटोनांना पुढं कितीतरी वर्षं मिळाली, हे आठवलं की या घटनेचं दुःख अजून टोचतं.

भारतातून त्या युरोपीय वाटेवर गेलेलं मोठं नाव म्हणजे मुंबईत जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ. लंडनच्या गिल्डहॉल स्कूलमध्ये त्या शिकल्या, तिथलं सुवर्णपदक मिळवलं आणि पुढं जॉन टॅव्हनर या इंग्रज संगीतकारानं खास त्यांच्या आवाजासाठी अनेक रचना केल्या. 1992 मध्ये रंगमंचावर आलेल्या त्याच्या 'मेरी ऑफ इजिप्त' या ऑपेरात नायिका त्याच होत्या. 2009 पासून त्या आणि त्यांचे पती, पियानोवादक मार्क ट्रूप, भारतात येऊन तरुण गायकांना शिकवू लागले. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस, जिथं एके काळी मराठी नाटकंही होत, ते 1993 मध्ये बंद पडलं होतं. दुरुस्तीनंतर ऑक्टोबर 2016 मध्ये ते पुन्हा उघडलं, तेव्हा पहिला कार्यक्रम रोझारिओंच्याच गाण्याचा झाला. मुंबई-गोव्यातल्या ज्या मुलांना आज ऑपेरा गायचाय त्यांना हा घरचा आधार आहे. तरी शिकायला त्यांना परदेशी जावंच लागतं.

आणि नाट्यपद गाणाऱ्या आपल्या मुलांचं काय? या मुलांच्या तयारीबद्दल मला जराही शंका नाही. 2009 च्या फेब्रुवारीत झी मराठीच्या 'लिटिल चॅम्प्स' या मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेची अंतिम फेरी झाली. आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली. प्रथमेश लघाटे, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत यांची नावं घराघरात गेली. त्या वर्षी किती तरी घरांतल्या मुलांनी पहिल्यांदा नाट्यपद ऐकलं. गावोगावी नाट्यगीत गायनाच्या स्पर्धा होतात आणि दहा-बारा वर्षांची पोरं अशी पदं गातात की थक्क व्हावं. पण बहुतेकांनी ते पद ज्या नाटकातलं आहे ते नाटक कधी पाहिलेलं नसतं. पद गाणारी भामिनी आहे की रुक्मिणी, ती कोणावर रुसली आहे, समोर कोण उभं आहे, हे माहीत नसताना ते गायलं जातं, माईक हातात धरून, डोळे मिटून. बक्षीस मिळतं, फोटो निघतो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या गावच्या स्पर्धेत तेच पद पुन्हा. यात दोष मुलांचा नाही. जिंकलेल्या मुलीला कोणत्याही नाटक कंपनीचं बोलावणं येत नाही, कारण अशा कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. राज्य शासनाची संगीत नाट्यस्पर्धा आहे, रत्नागिरीच्या 'खल्वायन'सारख्या संस्था निष्ठेनं संगीत नाटकं करतात, राहुल देशपांडे यांनी आजोबा वसंतरावांची 'कट्यार' पुन्हा उभी केली. त्यांच्यामुळेच ही विद्या अजून शिल्लक आहे. पण बालस्पर्धेतून निघालेल्या पोराला तिथपर्यंत पोचवणारा धागा कुठंच जोडलेला नाही.

सोलापुरात हा धागा जोडता येईल असं मला मनापासून वाटतं आणि त्याला कारणं आहेत. गाण्यातून सवाल-जवाब करण्याची सवय या गावाला पेशवाईपासूनची. शाहीर राम जोशी इथलाच. प्रा. श्रीराम पुजारींसारख्या रसिकानं इथं अभिजात गाण्याचा कान घडवला. शिवाय इथल्या मुलाच्या कानावर मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू रोज पडते. ऑपेराच्या विद्यार्थ्याला इटालियन, जर्मन, फ्रेंच उच्चार वेगळे मास्तर लावून शिकावे लागतात. परक्या भाषेचा सूर ओळखण्याची तयारी इथं गल्लीतच होते. फैय्याज यांच्या उर्दूला आणि मराठीला जी सारखीच सहजता होती, ती कुठून आली असेल हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको.

म्हणून इथल्या नाट्यगीत स्पर्धांच्या आयोजकांना माझी एक विनंती आहे. हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहात एक फेरी अशी घ्यावी: माईक बंद. साथीला ऑर्गन आणि तबला. स्पर्धकानं पदाआधीचा संवाद म्हणायचा, समोर दुसरं पात्र उभं असेल आणि त्याच्याकडे पाहूनच पहिला सूर लावायचा. परीक्षकांत एक गवई, एक दिग्दर्शक आणि संगीत नाटक करणाऱ्या संस्थेचा एक माणूस असावा. पहिलं बक्षीस रकमेचं नसावं. ते असावं पुढच्या मोसमातल्या एका नाटकातली भूमिका, लहान का असेना, तारखा ठरवून, तालमी धरून. पहिल्या वर्षासाठी नाटक मी सुचवतो: 'सौभद्र'. किर्लोस्करांनी 1882 साली ते आणलं आणि त्यात सोळा वर्षांच्या मुलीपासून तिशीच्या गायकापर्यंत सगळ्यांना गायला जागा आहे.