डोकी मोजावीत कशी?

देशोदेशींच्या संसदांत स्त्रियांना बरोबरीचे स्थान आहे की नाही, हे पाहायचे कसे? सोपा मार्ग म्हणजे डोकी मोजणे. जिनिव्हाचा आंतर-संसदीय संघ हे काम इमानेइतबारे करतो. २०२४ साली रवांडाच्या कनिष्ठ सभागृहात ८० पैकी ५१ स्त्रिया निवडून आल्या. त्याच वर्षी आपल्या लोकसभेत ५४३ पैकी ७४!

पण जरा थांबा. रवांडात २४ जागा राज्यघटनेनेच स्त्रियांसाठी राखल्या आहेत. त्यात गैर काही नाही. क्यूबाची गोष्ट मात्र निराळी. तिथेही निम्म्याहून अधिक स्त्रिया. पण २०२३ साली ४७० जागांना उमेदवारही नेमके ४७०च, आणि सभेची नियमित अधिवेशने वर्षातून दोन. ही डोकी आणि लोकसभेतली डोकी एका तराजूत कशी घालायची?

म्हणून अभ्यासक पुढचे प्रश्न विचारतात. स्त्रिया कोणत्या समित्यांवर आहेत? अर्थ-संरक्षणाच्या, की बालकल्याणाच्या? अध्यक्षपद कोणाकडे? बोलायला वेळ किती मिळतो? घरात बायका चार असल्या, तरी जमाखर्चाची वही त्यांच्या हाती असतेच असे नाही, हे वाचकांना मी काय सांगावे!

सभागृहाचे नियमही तपासावे लागतात. १५ जानेवारी २०१९ रोजी ब्रिटनमध्ये ब्रेक्झिट करारावर मतदान होते. खासदार ट्यूलिप सिद्दिक यांनी ठरलेली बाळंतपणाची शस्त्रक्रिया पुढे ढकलली आणि चाकांच्या खुर्चीतून त्या मत द्यायला आल्या. गैरहजर सभासदासाठी जुनी तोड अशी, की विरुद्ध पक्षाच्या एकाने मत न देण्याचे वचन द्यायचे. पण आदल्या जुलैतच एका बाळंतिणीला दिलेले असे वचन मोडले गेले होते! मग त्याच जानेवारीत, नव्याने आईबाप झालेल्या खासदारांचे मत दुसऱ्याने देण्याची सोय प्रायोगिक म्हणून सुरू झाली. डोकी मोजणाऱ्याच्या वहीत सिद्दिकबाई आधीही एक, नंतरही एकच.

उरली प्रत्यक्ष विचारपूस. २०१६ साली संघाने ३९ देशांतल्या ५५ स्त्री-खासदारांना गाठले. पाचांपैकी चारजणींहून अधिक जणींनी मानसिक छळ सोसल्याचे सांगितले. मात्र या मुलाखतींवरून देशांची क्रमवारी लावता येत नाही. एकेका देशातून एकदोघीच बोललेल्या, आणि त्याही नाव गुप्त राखण्याच्या बोलीवर.